कोलशेत मुंबईचे ‘अपर्टेनन्स’ होते का? एका इंग्रजी शब्दाची गोष्ट

१/
सप्टेंबर १६६२. इंग्लंडच्या राजाचा जहाजांचा ताफा मुंबईच्या बंदरात दाखल झाला. पोर्तुगिजांकडून मुंबई बेट ताब्यात घ्यायचे, एवढेच त्याचे काम होते. पण ताफ्याचा प्रमुख अर्ल ऑफ मार्लबरो याने मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणेही मागितले. ही मागणी मान्य झाली असती, तर ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेले कोलशेतही तेव्हाच इंग्रजांकडे गेले असते. या मागणीमागे कराराच्या एका वाक्याची शेपटी होती, आणि त्या शेपटीतला शेवटचा शब्द होता ‘अपर्टेनन्सेस’.

२/
मागणी मान्य झाली नाही. ठाणे इंग्रजांच्या हाती आले ते ११२ वर्षांनंतर आणि तेही तोफांच्या बळावर. एका शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, आणि तो अर्थ कशावर टिकतो, याचे इतके चोख उदाहरण कोकणच्या इतिहासात क्वचितच सापडेल. शिवाय हा शब्द अजून निवृत्त झालेला नाही. घराच्या इंग्रजी करारनाम्यांत तो आजही भेटतो. म्हणून हा थ्रेड.

३/
प्रथम शब्द. लॅटिनमध्ये ‘पर्टिनेरे’ म्हणजे संबंधित असणे, एखाद्याच्या मालकीकडे पोहोचणे. त्याला उपसर्ग लागून ‘अ‍ॅपर्टिनेरे’ झाले, जुन्या फ्रेंचमधून ते इंग्लंडच्या न्यायालयांत आले आणि तेथे ‘अपर्टेनन्स’ हे रूप स्थिरावले. ‘पर्टिनंट’ हा रोजच्या वापरातला शब्द त्याच कुळातला. पोर्तुगीज भाषेतील ‘पेर्तेन्सा’ हाही त्याचा सख्खा नातलग.

४/
कायद्याच्या भाषेत अपर्टेनन्स म्हणजे मुख्य मालमत्तेला जोडलेली, तिच्यापेक्षा गौण, पण तिच्याबरोबर आपोआप हस्तांतरित होणारी गोष्ट. घर विकले की घराकडे जाणाऱ्या वाटेचा हक्क घराबरोबर जातो. शेत विकले की शेजारच्या विहिरीतून पाणी घेण्याचा जुना हक्क शेताबरोबर जातो. हा हक्क माणसाला चिकटलेला नसून जमिनीला चिकटलेला असतो. मालक बदलला तरी तो जमिनीपाशीच राहतो.

५/
कायद्याबाहेर हा शब्द बहुधा अनेकवचनी आणि काहीशा भारदस्त सुरात येतो. राजपदाची अपर्टेनन्सेस म्हणजे मुकुट, राजदंड, चवऱ्या, पालखी. मराठीत येथे ‘लवाजमा’ किंवा ‘सरंजाम’ हे शब्द चपखल बसतात. ‘अ‍ॅक्सेसरी’ आपण हवी तर घेतो, नको तर ठेवून देतो. अपर्टेनन्स मात्र मुख्य वस्तूच्या मागोमाग येते, वेगळी मागावी लागत नाही. शब्दाची खरी ताकद येथेच आहे आणि धोकाही येथेच आहे.

६/
आता १६६१. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरिन यांच्या विवाहाचा करार २३ जून रोजी झाला. त्याच्या अकराव्या कलमाने मुंबईचे बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. डचांपुढे एकट्या पडलेल्या पोर्तुगालला पूर्वेकडील समुद्रात इंग्रजांची मदत हवी होती. बेट देण्यामागचे कारण ते होते. पण कलम ‘बंदर आणि बेट’ यावर थांबले नाही. त्यांचे सर्व हक्क, उत्पन्ने, प्रदेश आणि अपर्टेनन्सेस, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती.

७/
लंडनमध्ये बसून ही पुस्ती लिहिणे सोपे होते. इंग्रजी दस्तांत ती सवयीने लिहिली जाई. मालमत्ता हस्तांतरित करताना काही निसटू नये म्हणून लेखनिक असे चार-पाच शब्द ओळीने मांडत. मात्र येथे हस्तांतरित होत होते ते एखादे शेत किंवा वाडा नव्हे. ते होते चहूबाजूंनी खाड्या, खाजणे आणि लहानमोठी बेटे असलेले बंदर. अशा बंदराचे ‘अंगभूत’ काय आणि किती, हे कलमात कोठेही सांगितलेले नव्हते.

८/
इंग्रजांनी पुस्तीचा अर्थ बाहेरच्या दिशेने ताणला. मुंबईच्या बंदराला पाणीवाटेने जोडलेले, धान्य आणि लाकूड पुरवणारे साष्टी, आणि त्या बेटाच्या पूर्वेकडील ठाणे, हे सारे मुंबईचेच अंगभूत, असा त्यांचा दावा होता. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याने तो धुडकावला. करारात मुंबईचे नाव आहे, साष्टीचे नाही, एवढे त्याचे उत्तर होते.

९/
इतिहास पाहिला तर व्हाइसरॉयची बाजू भक्कम होती. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली, ती तिच्या ताब्यातील मुलूख, बेटे आणि समुद्र यांसह. मुंबई पोर्तुगिजांकडे आली ती या पुस्तीतून. म्हणजे १५३४ च्या हिशेबाने मुंबई हीच वसईची अपर्टेनन्स होती! साष्टीही वसईच्याच कक्षेतली. दोन्ही बेटे एकाच घराची अंगे असताना, त्यांतले एक दुसऱ्याचे अंग कसे ठरणार?

१०/
इंग्रजांचा स्वतःचा कायदाही त्यांच्या मदतीला येत नव्हता. न्यायपंडित एडवर्ड कोक याचा भाष्यग्रंथ १६२८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एक मूर्त वस्तू दुसऱ्या मूर्त वस्तूची अपर्टेनन्स होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यात आहे. जमिनीला वाटेचा, पाण्याचा, चराईचा हक्क जोडलेला असू शकतो. पण जमिनीला दुसरी जमीन जोडलेली असू शकत नाही. हे तत्त्व खासगी मालमत्तेचे आहे, दोन राजांमधील तहाला ते जसेच्या तसे लागू होत नाही, हे खरे. तरी लहान बेटाच्या नावावर त्याच्या कितीतरी पट मोठे बेट मागणे या शब्दाच्या मूळ स्वभावाला धरून नव्हते.

११/
वाद चालू असताना किंमत मोजली ती सामान्य सैनिकांनी. व्हाइसरॉयने मुंबईही दिली नाही. अधिकारपत्रे नियमाप्रमाणे नाहीत, अशी हरकत घेतली. सर अब्राहम शिपमन आणि त्याच्या सुमारे ४०० शिपायांना उतरायला जागा मिळेना. अखेर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्यांनी तळ दिला. रोगराई आणि उपासमार यांनी तळ पोखरला. एप्रिल १६६४ मध्ये खुद्द शिपमन तेथे मरण पावला. शेवटी मुंबईला पोहोचले ते जेमतेम शंभराच्या आसपास शिपाई.

१२/
शिपमनचा सचिव हम्फ्री कुक याने जानेवारी १६६५ मध्ये पोर्तुगिजांच्या अटींवर सही केली. मुंबईचे बेट मिळाले, साष्टी आणि ठाणे बाजूला पडले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी दोना इग्नेझ द मिरांडा या विधवेच्या वाड्यात ताबा देण्याचा विधी झाला. कुकने बेटावर पावले टाकली, तेथली माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर फेरी मारली. तीन वर्षांच्या शब्दयुद्धानंतर ताबा ठरला तो हातात मावणाऱ्या मातीने.

१३/
तरीही पुस्तीचा मोह सुटला नव्हता. कुकने लवकरच माहीम, शीव, धारावी आणि वडाळा ताब्यात घेतले. ही गावे मुंबई बेटाचा भाग की स्वतंत्र बेटे, हा प्रश्न भरती-ओहोटीवर अवलंबून होता, आणि इंग्रजांनी तो आपल्या सोयीने सोडवला. पुढे १६७७ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने कुकचा करारच आपल्याला मान्य नाही असे कळवले. त्याआधी, २७ मार्च १६६८ रोजी, त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली होती.

१४/
पण साष्टीचा एवढा अट्टहास कशासाठी? उत्तर खाडीत आहे. कल्याणहून उल्हास नदीने निघालेल्या गलबताला ठाण्यापाशी दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीतून मुंबईला, दुसरी पश्चिमेकडे कोलशेत, घोडबंदरवरून वसईला. कल्याण त्या काळात शिवाजी महाराज आणि मोगल यांच्यात हातबदल करत होते, ठाणे पोर्तुगिजांचे होते, मुंबई इंग्रजांची. एकाच पाण्यावर तीन सत्ता बसल्या होत्या.

१५/
त्यामुळे ठाण्याच्या आणि दक्षिणेकडील कारंजाच्या चौकीवर पोर्तुगीज जकात घेत आणि मुंबईकडे जाणारा माल महाग होई. जेराल्ड आँजियरच्या काळात कंपनी आणि पोर्तुगीज यांच्यातला हा कायमचा तंटा होता. कंपनीचे म्हणणे असे की बंदर दिले तर बंदरापर्यंतची मोकळी वाटही दिली पाहिजे. गंमत अशी की अपर्टेनन्स या शब्दाच्या शुद्ध अर्थाला हीच मागणी अधिक धरून होती. जमीन नव्हे, जाण्यायेण्याचा हक्क! पण आधीच्या अवाजवी दाव्यामुळे या वाजवी दाव्यालाही वजन उरले नव्हते.

१६/
मग शब्दांचा खेळ संपवणारे तिसरेच आले. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. साष्टी मराठ्यांची झाली. मुंबईच्या दारातले हे बेट कंपनीला खुपत राहिले. पोर्तुगीज ते परत घ्यायला येत आहेत अशी वार्ता आल्यावर कंपनीने घाई केली आणि २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो काबीज केला. नौदलाचा कमोडोर जॉन वॉटसन या मोहिमेत प्राणघातक जखमी झाला. किल्ल्यातील शिबंदीची मोठी कत्तल झाली.

१७/
यानंतरचे तह वाचताना एक बदल डोळ्यांत भरतो. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेला झालेल्या तहात साष्टीचे नाव स्वतंत्रपणे आले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात तर साष्टी, घारापुरी, कारंजा आणि हॉग बेट अशी चारही बेटे नावानिशी इंग्रजांकडे राहिली. वसई परत गेली. जे १६६१ मध्ये एका शब्दाच्या पोटात बसवायचे होते, ते १२१ वर्षांनी एकेक नाव घेऊन लिहावे लागले.

१८/
याच मुलखात या इंग्रजी शब्दाला एक देशी जोड होती. इनामाच्या मराठी सनदांत एक ठरलेला मजकूर येतो: ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून.’ म्हणजे सर्व कर, आजच्या आणि पुढच्या पट्ट्या, पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, जमिनीत पुरलेले धन आणि ठेवी, या सर्वांसह गाव दिले. फक्त आधीच्या हक्कदारांचे हक्क वगळले.

१९/
ही परंपरा मराठेशाहीहून फार जुनी आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांतही स्वतःच्या सीमेपर्यंत, गवत, लाकूड, पाणी यांसह अशा अर्थाची पदे गावाच्या दानाला जोडलेली दिसतात. शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ चा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याच्या परिसरात खोदकाम करताना सापडला. किल्ला घेणाऱ्या इंग्रजांच्या पायाखालीच जमीन कशी द्यावी याचा सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वीचा नमुना पुरलेला होता.

२०/
दोन्ही पद्धतींची तुलना उद्बोधक आहे. सनदेतला मजकूर यादी देतो, इंग्रजी शब्द यादी टाळतो. सनदेतला मजकूर गावाच्या सीमेच्या आत राहून वर-खाली पाहतो: वर झाडे, खाली पाषाण आणि पुरलेला निधी. इंग्रजी शब्द सीमेबाहेर हात पसरू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सनदेत ‘खेरीज’ आहे. देणाऱ्याने काय दिले नाही, आणि कोणाच्या हक्काला धक्का लागणार नाही, हे त्या एका शब्दाने आधीच सांगून ठेवले. लग्नाच्या त्या कलमाला असे ‘खेरीज’ असते, तर अंजदीवचा तळ कदाचित पडलाच नसता. सनदेतल्या मजकुराला निर्दोष मात्र मानू नये. त्यात कुळांचा आवाज नव्हता, गाव दिले जाई तेव्हा गावाला कोणी विचारत नसे.

२१/
ब्रिटिश काळात इंग्रजी कल्पना कायद्यात रुजली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आठव्या कलमानुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर, जमिनीबरोबर तिला जोडलेले सुविधाधिकारही जातात. त्याच वर्षीचा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. मराठी खरेदीखतांत मात्र जुनी यादी टिकून राहिली आणि तिच्या शेवटी ‘तदंगभूत वस्तूंसह’ असे पद आले. अपर्टेनन्सला याहून नेमका मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही.

२२/
स्वातंत्र्यानंतर शब्दाने आणखी एक वळण घेतले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात इमारतीला ‘अपर्टेनंट’ जमिनीची व्याख्या आली: बांधकाम नियमांप्रमाणे इमारतीसाठी मोकळी ठेवावी लागणारी किमान जागा, कमाल ५०० चौरस मीटर. जमीन जमिनीची अंगभूत होत नाही हे कोकचे तत्त्व येथे मागे पडले. इमारतीभोवतीची जमीन हीच अंगभूत ठरली. ठाणे नागरी समूहालाही हा कायदा लागू होता. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला, पण शब्द मागे राहिला.

२३/
आजचे कोलशेत पाहा. रस्त्यालगत जेथे कारखाने होते तेथे उंच गृहसंकुले उभी आहेत. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने इमारत आणि जमिनीतील हक्क विकासकाने रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून द्यायचे असतात. ते होत नाही म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. मात्र एका मोठ्या भूखंडावर अनेक इमारती असल्या की जुना प्रश्न नव्याने उठतो: या इमारतीला संलग्न जमीन किती? बाग कोणाची, आतला रस्ता कोणाचा, पुढे वाढणाऱ्या बांधकामाचा हक्क कोणाचा?

२४/
याच कोलशेतची दुसरी बाजू खाडीकडे तोंड करून आहे. हे जुने आगरी-कोळी वस्तीचे गाव. मासेमारी करणाऱ्या घराचे अंगभूत काय? होडी लावायची जागा, जाळी सुकवायची मोकळी जमीन, खाडीकडे उतरणारी वाट. सातबाऱ्यावर घराची आणि शेताची नोंद होते, भरती-ओहोटीच्या पाण्याची होत नाही. सुविधाधिकार कायद्याच्या अठराव्या कलमात स्थानिक रूढीने मिळणाऱ्या हक्कांना जागा आहे. पण रूढी सिद्ध करावी लागते, आणि कागद नसलेल्या वहिवाटीला साक्षीदार लागतात. वापर थांबला, वाट बुजली, जाणती माणसे गेली की सिद्ध करायला काही उरत नाही.

२५/
म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर: नाही. कोलशेत मुंबईचे अपर्टेनन्स कधीच नव्हते. पोर्तुगीज काळात ते वसईच्या कक्षेत होते, आणि इंग्रजांना साष्टी मिळाली ती ‘अंगभूत’ या शब्दामुळे नव्हे. १६६१ चे कलम आणि आजचा करारनामा दोन्ही एकच गोष्ट शिकवतात. ‘सर्व अपर्टेनन्सेससह’ असे लिहिलेले असले, की त्याखाली यादी आहे का ते पाहावे. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, वाट, पाणी, मोकळी जागा, सारे नावानिशी लिहिलेले असावे, आणि काय वगळले आहे तेही. लिहिलेले नसेल, तर ते ठरवण्याची पाळी पुढे बलवत्तर पक्षाकडे जाते. ठाण्याच्या किल्ल्याने डिसेंबर १७७४ मध्ये ते अनुभवले.

(थ्रेड समाप्त. आपल्या घरातील जुन्या खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण’ हा मजकूर आढळला, तर खाली जरूर कळवा.)